एका मुंगीने माणूस मरत नाही

तोरणमाळच्या पठारावर वाळक्या लाकडाच्या पोकळीत राहणारी एक मुंगी आहे. डोकं काळं, ढुंगण काळं, मधली कंबर तांबडी. माणसाच्या वाटेला ती आपणहून जात नाही. पण लाकडाला धक्का लागला की चढते आणि डंख मारते. एवढीशी मुंगी, पण भल्याभल्यांना मटकन खाली बसवते.

पितांबर पहिल्यांदा तिच्या शोधात तिथे चढला तो सत्तावन्नच्या चैत्रात. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा हा मुलगा. घरी केळीची बाग होती, भाऊ शेती बघत, आणि याच्या डोक्यात विज्ञान शिरलेलं. बडोद्याच्या एका प्रयोगशाळेत डॉक्टर वैद्य नावाच्या साहेबांच्या हाताखाली तो काम करत होता. विंचवाच्या विषावर सगळेच लिहितात, आपण मुंगीचं घेऊ, असं साहेबांनी ठरवलं, आणि "तुमच्याच मुलखातली मुंगी आहे, तुम्हीच आणा," म्हणून पितांबरला धाडलं.

पाड्यावर त्याला करणसिंग भेटला. पावरा समाजाचा, तिशीतला, काटक गडी. घरात बायको दिवलीबाई. शेजारच्या झोपडीत त्याची भावजय दगूबाई. थोरला भाऊ वारल्यापासून एकटीच राहायची. झाडपाल्याची जाणकार. डंख, ताप, बाळंतपण, काहीही असो, पाड्यावरची माणसं आधी तिच्या दारात जात. आपसात ही माणसं पावरी बोलत. पितांबरशी मात्र बाजारात शिकलेल्या अहिराणीत.

पितांबरने करणसिंगला भिंगाखाली मुंगीची नांगी दाखवली. पोट हलकेच दाबलं की टोकावर पाण्यासारखा थेंब येतो, तोही दाखवला. करणसिंग कितीतरी वेळ भिंगावरून डोळा काढेना.

"इतलुसं शे?" तो म्हणाला. "आनि इतलुसं मानूसले रडावस?"

"हो ना. ते कसं रडावस, तेच आम्ही देखी ऱ्हायनूत."

त्या दिवसापासून करणसिंग त्या मुंगीला 'मन्ही मुंगी', म्हणजे माझी मुंगी, म्हणू लागला. रोजाने इतरही दोघे-तिघे कामाला यायचे, डंख बसला की दुसऱ्या दिवशी गायब व्हायचे. करणसिंग कधी चुकला नाही. वाळका ओंडका नुसता कानाला लावून आत वस्ती आहे की नाही ते तो सांगायचा. काचेच्या नळीला रबर लावून एकेक मुंगी ओढून बाटलीत घ्यायची कला तर पितांबरपेक्षा त्यालाच चांगली साधली. डंख बसायचेच. बसला की तो हसत हात पुढे करायचा आणि पितांबर घड्याळ काढून वहीत लिहायचा: 'क. उजवी तर्जनी. ठणका तीन तास. घाम. अंगावर काटा.' करणसिंगला त्याचंही कौतुक होतं. आपलं दुखणं बडोद्याला जातं, म्हणायचा.

बडोद्यात काम चाललं ते असं. बेडकाच्या मांडीतली पांढरी नस सोडवून चांदीच्या दोन तारांवर ठेवायची. एका टोकाला विजेचा बारीक चिमटा काढला की दुसऱ्या टोकाला पडद्यावर हिरवी रेघ एकदा उसळते आणि खाली येते. एक चिमटा, एक उसळी. मग नसेवर विषाचं पाणी सोडायचं. अर्ध्या मिनिटात त्याच एका चिमट्याला दहा उसळ्या, वीस उसळ्या. कोणी हात न लावता नस आपली आपण ओरडत राहायची. शेवटी थकून गप्प व्हायची, ती कायमची.

साहेबांनी पितांबरला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. नसेच्या सालीबाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. सालीत दारं असावीत. इशारा आला की सोडियमचं दार उघडतं, सोडियम आत धावतं, रेघ उसळते. आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात दार आपोआप मिटतं. ते मिटतं म्हणूनच इशारा संपतो. ही दारं कोणी पाहिलेली नव्हती, त्यांना धड नावही नव्हतं, साहेब नुसतं 'वाट' म्हणायचे. पण मुंगीचं विष काय करतं ते रेघेवरून वाचता येत होतं. विष दार उघडत नाही, उघडलेलं दार मिटू देत नाही. म्हणून तो ठणका तासन् तास चालतो.

विषात दुसरंही काही होतं. रक्ताचा पातळ थेंब काचेवर घेऊन त्यात विष सोडलं की तांबड्या पेशी फुगत आणि एकामागून एक फुटून जात. साहेब खुशीत होते. विष मात्र पुरत नसे. हजारभर मुंग्या पिळाव्यात तेव्हा सुईच्या नाकाएवढं जमायचं. म्हणून दर चैत्रात पितांबर पुन्हा वर.

अठ्ठावन्नच्या चैत्रात करणसिंगला एक डंख बसला तो आधीच्यांसारखा नव्हता. बोटाचा ठणका राहिला बाजूला, सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दोनदा ओकारी झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो अर्धा तास आडवा पडला. दगूबाईने कसलीशी मुळी वाटून लावली. उठला तेव्हा म्हणाला, "असं कधी नई व्हयनं, भाऊ."

पितांबरने पान भरून लिहिलं. त्याला वाटलं, यंदा विष जास्त कडक आहे.

बडोद्याला परतल्यावर, पावसाळ्यात, ग्रंथालयात काहीतरी दुसरंच शोधताना त्याच्या हाती एक इंग्रजी टिपण लागलं. मधमाश्या पाळणाऱ्यांवरचं. वर्षानुवर्षं डंख खाऊन काहींचं शरीर निर्ढावतं, आणि काहींचं उलट बिथरतं. त्यांच्या कातडीतल्या, फुफ्फुसातल्या काही पेशी दाणे भरून टपून बसतात. पुढचा डंख बसला की त्या सगळ्या एकदम रिकाम्या होतात, रक्तवाहिन्या सैलावतात, गळा सुजून मिटतो. मग विष किती हा प्रश्नच उरत नाही. एक डंख पुरतो. आधी खूण दिसते, असंही त्यात होतं: अंगभर गांधी, ओठांना सूज, ओकारी, अंधारी.

पितांबरने टिपण दोनदा वाचलं. मग मासिक मिटून जागेवर ठेवलं. हे मधमाशीचं आहे, मुंगीचं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्यावरचा उपाय प्रयोगशाळेच्याच फडताळात होता. ॲड्रेनलिनच्या कुप्या. बेडकाच्या हृदयावर टाकायला ते रोज वापरत. एकोणसाठच्या चैत्रात सामान बांधताना त्याची नजर त्या फडताळाकडे गेलीही होती. पण कुपी मागायची तर साहेब कारण विचारणार, कारण सांगितलं की करणसिंगला कामावरून काढावं लागणार, आणि करणसिंगशिवाय मुंग्या मिळत नाहीत. त्याने जाड कापडाचे हातमोजे तेवढे घेतले.

वर पोहोचला तर करणसिंगने सात ओंडके आधीच हेरून ठेवले होते.

"यंदा जपीसन," पितांबर म्हणाला. "मोजा काढू नको हातमांथिन."

"कसाले?"

सांगायची वेळ ती होती. पितांबर म्हणाला, "उगाच दुखस म्हनीसन."

चौथ्या दिवशी, भर दुपारी, तिसरा ओंडका फोडताना एक मुंगी करणसिंगच्या सदऱ्यात शिरली आणि मानेला डसली. त्याने ती चिमटीत धरून बाटलीत टाकली, वाया जाऊ दिली नाही. मग कानशील खाजवलं. मग तळहात. दोन पावलं चालून खाली बसला आणि म्हणाला, "भाऊ, गळामा काहीतरी अडकनं."

दिवलीबाई ओरडत धावली. दगूबाई मुळी वाटूनच घेऊन आली, तिने ती मानेला चोळली, छातीला चोळली, थोडी जिभेवरही लावली. करणसिंगचे डोळे सुजून मिटले होते. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. पितांबर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याचा डावा हात सवयीने घड्याळाकडे वळलेला होता. ते त्याच्या ध्यानात आलं, तरी त्याने वेळ पाहिली. डंखापासून सतरा मिनिटांनी शिट्टी थांबली.

*

तिसऱ्या दिवशी पाड्याची माणसं मोहाच्या झाडाखाली जमली. नथ्थू पाटील मधे बसले होते. म्हातारा, कमी बोलणारा, कोणाचं न ऐकता निवाडा न देणारा माणूस. दिवलीबाई एका अंगाला होती. दगूबाई दुसऱ्या अंगाला, एकटी.

लोकांचं म्हणणं साधं होतं. ही मुंगी पाड्यावर आजची नाही. सगळ्यांना चावली आहे, पोरांना चावली आहे, म्हाताऱ्यांना चावली आहे. करणसिंगला तर तिने तीन वर्षांत पन्नासदा चावलं असेल. कोणी मेलं नाही. मग आज काय वेगळं होतं? वेगळी एकच गोष्ट होती. दगूबाईने त्याच्या जिभेवर काहीतरी लावलं आणि त्यानंतर तो मेला.

दिवलीबाई म्हणाली, "मी देखं. तिन्ही तोंडमा पाला घाला. तवय लगून तो बोली ऱ्हायंता."

दगूबाई म्हणाली, "दरसाल देस तोच पाला शे." एवढंच.

नथ्थू पाटील पितांबरकडे वळले.

"तू शिकेल मानूस शे. ह्या मुंगीवर तुन्ही तीन सालं घालात. आम्हले जे माहीत नई ते तुले माहीत राही. एकच गोष्ट सांग. एक मुंगी चावी म्हनीसन मानूस मरस का?"

सगळी माणसं त्याच्याकडे पाहत होती. पितांबरच्या डोळ्यांपुढे खालचं पोलीस ठाणं आलं, पंचनामा आला, साहेबांचा चेहरा आला. माहीत होतं तर त्याला कामाला का लावलंस, हा पुढचा प्रश्न त्याला आधीच ऐकू आला.

"नाही," तो म्हणाला. घाबरून त्याच्या तोंडून शाळेची मराठी निघाली. "एका मुंगीने माणूस मरत नाही."

तसं पाहिलं तर हे खरं होतं. लाखात एखादाच मरतो. त्या एकाचं डोकं परवा आपल्या मांडीवर होतं, एवढंच त्याने सांगितलं नाही.

माणसांच्या माना दगूबाईकडे वळल्या. कोणी ओरडलं नाही. मागच्या बाजूला एक बाई हळूच 'डाकीण' म्हणाली, आणि दगूबाईच्या जवळ बसलेल्या दोघीजणी उठून लांब जाऊन बसल्या. पितांबरने हे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या बांधून तो घाट उतरला.

दगूबाईचं पुढे काय झालं ते त्याला वर्षभराने शहाद्याच्या बाजारात एका वनरक्षकाने सांगितलं. झोपडी पाडली. तिला हाकललं. मोलगीकडे माहेरची कोणी आहेत म्हणतात, तिकडे गेली. वनरक्षक पुढे हसून म्हणाला, "अडाणी लोक. काय बोलायचं त्यांना?" पितांबरही थोडं हसला. त्या हसण्याची त्याला पुढे कितीतरी दिवस शिसारी येत राहिली.

एकसष्टमध्ये विलायतेच्या मासिकात लेख छापून आला. मुंगीच्या विषाचा नसेवर आणि तांबड्या पेशींवर होणारा परिणाम. नाव साहेबांचं, तळाशी 'नमुने गोळा केल्याबद्दल' पितांबरचे आभार. आत एक तक्ता होता: 'क., प्रौढ पुरुष, डंखांच्या नोंदी.' तो पितांबरनेच करून दिला होता. अठ्ठावन्नची ती पानभर नोंद साहेबांनी 'अपवादात्मक' म्हणून गाळायला सांगितली आणि त्याने गाळली. एकोणसाठची तर त्याने दाखवलीच नव्हती. त्याच लेखाच्या जोरावर त्याला आपल्या भागातल्या एका नव्या कॉलेजात नोकरी लागली. फळ्यावर नसेचं चित्र काढून तो पोरांना सोडियमचं दार शिकवू लागला. चांगलं शिकवतो, असं लोक म्हणत.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात कॉलेजच्या कसल्याशा कामाने तो मोलगीला गेला. बाजाराचा दिवस होता. चारोळी घ्यावी म्हणून एका पोत्यापुढे वाकला आणि माप धरलेला हात ओळखीचा वाटला. वर पाहिलं तर दगूबाई. चार वर्षांत पार वाळली होती. तिनेही ओळखलं. माप तसंच हातात राहिलं.

"भाऊ," ती म्हणाली. "तू मुंगीवाला."

पितांबर पोत्याशेजारी धुळीत बसला. आता उठून गेलो तर पुन्हा कधी बसणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याने सगळं सांगितलं. ओठांची सूज, ते टिपण, कुपी, हातमोजे. तुझ्या मुळीत काही नव्हतं. तो मुंगीनेच मेला, आणि मरेल अशी भीती मला आधीपासून होती. बोलताना त्याने मान वर केली नाही.

दगूबाईने माप खाली ठेवलं आणि आपले दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

"माले वाटे मन्हाच हाते मरी गया तो," ती म्हणाली. "लोक म्हनेत ते नई. माले सोताले वाटे. मुळी वळखाले चुकनू व्हसू, दुसरीच उपटी लयनू व्हसू. चार साल मी कोनालेच पाला दिधा नई. मन्हा भाऊनी पोर तापमा गयी. पाला माहीत व्हता. नई दिधा. हातच उठना नई."

मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तवय का नई सांगं?"

"घाबरी गऊ."

"मी बी घाबरनू व्हती," दगूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जाय. जठे नई म्हना, तठे जाईसन सांग."

*

तो गेला. पुढच्याच रविवारी घाट चढला. आधी दिवलीबाईच्या दारात थांबला, कारण पहिल्यांदा तिला सांगणं बरोबर, असं त्याला वाटलं. ती ज्वारी निवडत होती. त्याचं सगळं बोलणं होईपर्यंत तिचे हात चालतच होते. मग सुपातच थांबले.

"तिन्हं घर कोन पाडं, माहीत शे तुले?" ती म्हणाली. "पयला वासा मी वढा. ती दारमा उभी व्हती. माले दिवली, दिवली करी ऱ्हायंती."

"चूक तुन्ही नई. चूक मन्ही."

"तू चूक म्हनशी आनि खाले निंघी जाशी. मी आठेच ऱ्हासू." तिने सूप बाजूला ठेवलं. "नको सांगू कोनले. तो गया, ती गयी. माले चार साल एक राग तरी व्हता. तो बी लयी जावाले उना का तू?"

पितांबर उठला. तिच्या अंगणातून नथ्थू पाटलांच्या घरापर्यंत पन्नास पावलं असतील. परत फिरावं असं त्याला प्रत्येक पावलाला वाटलं, आणि या वेळी तो फिरला नाही, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

पाटील आता जास्तच म्हातारे झाले होते. दोघांनी धरून त्यांना ओट्यावर बसवलं. आणखी सात-आठ माणसं जमली. पितांबरने सांगितलं. माणसाच्या कातडीत पेशी असतात, दाण्यांनी भरलेल्या. वारंवार डंख बसून करणसिंगच्या पेशी बिथरल्या होत्या. आदल्या वर्षी खूण दिसली होती. मी वाचलं होतं. मी बोललो नाही. दगूबाईचा पाला निर्दोष होता.

"तवय तू नई म्हना," पाटील म्हणाले. "आज हा म्हनस. आम्ही तुन्ही कोनती गोष्ट खरी धरूत?"

"आजनी."

"काबरं? तवय बी तू शिकेलच व्हता."

पाटलांनी चिलीम ओढली.

"म्हनजे करणसिंगले तू मारं."

"हो."

पितांबर वाट पाहत होता. शिवी, दगड, दंड, काहीही चाललं असतं. पाटलांनी चिलमीतली राख झटकली.

"आमन्हा मानूस ऱ्हाता तर दंड बसता," ते म्हणाले. "दंड भरीसन तो पंगतमा बसता. तू आमन्हा नई. तुले दंड नई. जाय."

पितांबर बसूनच राहिला, तेव्हा एकाने त्याच्या दंडाला धरून, धसमुसळेपणा न करता, त्याला उठवलं आणि पाड्याच्या कडेपर्यंत नेऊन सोडलं.

पाटलांनी मोलगीला निरोप धाडला: ये, जागा देऊ, घर उभं करू. दगूबाईने निरोप्याला पाणी दिलं आणि सांगितलं की ती येणार नाही. त्या मुंगीवाल्याच्या एका बोलावर तुम्ही घर पाडलंत, त्याच्याच दुसऱ्या बोलावर बांधणार. तिसरं काही बोलला तर?

पितांबरने मासिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि आधी साहेबांकडे धाडलं. साहेबांचं उत्तर सौम्य होतं. एका माणसाची निरीक्षणं, जुनी, साक्षीदार निरक्षर; याने शास्त्रात भर पडत नाही, आणि तुमच्या नोकरीलाही ते बरं नाही. पितांबरने तेच पत्र थेट विलायतेला पाठवलं. तिकडून पोचही आली नाही.

फाल्गुनात तो पुन्हा मोलगीच्या बाजारात गेला. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. जीपमधून उतरला तोच दिवलीबाई दिसली. तोरणमाळहून डोंगर तुडवत आली असावी, गुडघ्यापर्यंत धूळ होती. डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली होती. विकायला आणली होती की द्यायला, कळत नव्हतं. दगूबाईच्या पोत्यापुढे ती उभी होती. नुसतीच उभी. टोपली खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

दगूबाई चारोळी मापत होती. मापून झाली, गिऱ्हाइकाच्या फडक्यात ओतली, फडक्याला गाठ मारून दिली. मग तिने वर पाहिलं.

"बाजूले सरक," दगूबाई म्हणाली. "मांगे गिऱ्हाईक उभं शे."